निजलेला ढोल

बुधवारी सकाळी कचेरीला जाता जाता जालन्याच्या सदर बाजारात मी चार सीताफळं निवडली आणि पाचव्याला हात घातला, तेवढ्यात विकणाऱ्या बाईच्या तोंडून माझं नाव आलं. मला हाक मारली असती तर मी ओ दिली असती. पण ती गात होती. फळांवरच्या माशा फडक्यानं वारत, कुणाकडेही न बघता, नाकातल्या नाकात म्हणत होती, मारतंड्या आला गं, पेटी घेऊन आला; पेटीला व्हता कान गं, मानूस न्हाई म्हनला. माझ्या हातातलं सीताफळ फुटलं. पिकलेलं सीताफळ हातात फुटतं, त्याची कुणी नोंद ठेवत नाही. पण त्याचा गर कोटाच्या बाहीत शिरला आणि कोपरापर्यंत गार लागत गेला. मी बाईला विचारलं, "कुठलं गाणं हे?" ती म्हणाली, "गानं कशाचं दादा, हात चालावा म्हनून म्हनायचं. आमच्या भोकरदनाकडं समदेच म्हनून राह्यलेत." मी विचारलं, "हा मारतंड कोण?" "असंल कोनी येडं," ती म्हणाली, "फोडलेलं घेता का? का निस्तं धरून हुबं राहता?" मी ते घेतलं. पुढचं गाणं येतं का, असं विचारायचं धाडस झालं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला येत नव्हतं; कारण ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, मारतंड्या आला गं. दोनच ओळी. गाणं मात्र दोन ओळींचं नव्हतं, हे मला चालीवरूनच कळलं. पायरीवर पाय ठेवावा आणि खाली पायरी नसावी तसं ते दुसऱ्या ओळीशी थांबत होतं.

माझं नाव मार्तंड. निजाम सरकारच्या एका कचेरीत मी कारकून आहे, वय सव्वीस, अंगावर बंद गळ्याचा कोट, डोक्यावर रूमी टोपी, आणि गावात माझी ख्याती विनोदी माणूस म्हणून. ही ख्याती मी कष्टानं मिळवलेली आहे. मयताला गेलो तरी लोक माझ्याकडे आशेनं बघतात. त्या दिवशी कचेरीत पोहोचलो तर आमचा चपराशी बद्रीनाथ पाण्याचे माठ भरत तीच चाल शिट्टीवर वाजवत होता. "लई झकास चाल हाय साहेब," तो म्हणाला, "येकदा तोंडात बसली की निघत न्हाई." दुपारी पेशकारसाहेब एका मिसलीच्या कागदांवर विचार करत बसले होते, आणि त्यांची टाकाची काडी टेबलावर बराबर त्याच तालात पडत होती, धा-धिन् धा, धा-धिन् धा, मारतंड्या आला गं. त्यांना शब्द माहीत नव्हते. ते नुसते तालावर माझी अब्रू घेत होते आणि मधूनच मला म्हणत होते, "मार्तंडराव, आज एकदम गप्प? तबियत बिलकुल ठीक ना?" मी म्हणालो, "साहेब, सीताफळ बाधलं." सगळे हसले. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. लोक माझ्या बोलण्याला हसतात की माझं बोलणं संपलं म्हणून हसतात, हा प्रश्न मला त्या दिवशी प्रथम पडला.

संध्याकाळी घरी आलो तर उमा पाळणा हलवत होती. मूल दोन महिन्यांचं. आणि उमा, माझी धर्मपत्नी, त्याला झोपवण्यासाठी म्हणत होती, अंहं अंहं आला गं, पेटी घेऊन आला. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. "हे कुठून शिकलीस?" "भाजीवालीकडून. छान आहे नाही? लगेच झोपतो तो यानं." "आणि पहिला शब्द काय आहे?" उमा लाजली. पदर सारखा केला. "इश्श, तो कसा घेऊ? तुमचं नाव आहे ना त्यात. देवाचंच असणार म्हणा, खंडोबाचं. पण नवऱ्याचं नाव ते नावच." म्हणजे माझ्या घरात, माझ्या पाळण्यावर, माझ्या बदनामीचं गाणं माझी बायको माझा मान राखून गात होती. देवा, एवढी बारीक चेष्टा मला कधी सुचली नसती. मी हसण्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात मूल दचकून रडलं, आणि उमानं त्याला उचलायच्या आधीच तिच्या चोळीवर दोन ओले डाग उमटले. हळूहळू पसरत मोठे झाले. "रडला की आपोआप येतं दूध," ती खाली बघत म्हणाली, "मी काही करत नाही." मी बघत राहिलो. तसे डाग मी आधी पाहिले होते. भोकरदनाच्या पलीकडे, भर दुपारी, उन्हात, एका नाचणाऱ्या बाईच्या चोळीवर. आणि ते घामाचे आहेत, असं मी इंग्रजीत सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच कार्तिकात एक कॅनडाची मडम डाक बंगल्यात येऊन उतरली. वय पन्नाशीचं, डोक्यावर भाकरीच्या टोपलीएवढी हॅट, बरोबर चार पेट्या. तिचा उद्योग असा, की जगातल्या डोंगरा-रानातल्या आदिवासी लोकांची गाणी आणि नाच गोळा करायचे. कुणी टपाल तिकिटं गोळा करतं, तशी ही गाणी. इंग्रजी येणारा माणूस हवा म्हणून कचेरीनं मला दिलं. इतर दोघांनाही येत होतं, पण माझं नाव निघालं, कारण वाटेत करमणूक होईल. आम्ही सर्व्हिस मोटारीनं भोकरदनला गेलो आणि पुढे छकड्यातून पिंपळगाव रेणुकाईच्या अंगानं डोंगराकडच्या भिलाटीला निघालो. कपाशीची वेचणी चालू होती. मडम छकड्यात उलटी बसली होती आणि मागे पडत जाणारं सगळं वहीत लिहीत होती. वाटेत ती बर्फातल्या लोकांबद्दल बोलली. तिच्या देशाच्या वरच्या टोकाला बारा महिने बर्फ, तिथे ती सहा हिवाळे राहिली होती. लोक त्यांना एस्किमो म्हणतात, ती म्हणाली, पण ते स्वतःला इनुइट म्हणतात, म्हणजे माणसं. नुसतं माणसं? मी विचारलं. नुसतं माणसं, ती म्हणाली. त्यांचा ढोल म्हणजे चाळणीसारखं एक कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. थाप कातड्यावर मारत नाहीत, कड्यावर खालून मारतात आणि मारता मारता गुडघ्यात वाकून नाचतात. आणि त्यांच्यातल्या काही गावांत अशी रीत, की कुणी कुणाचा अपराध केला तर भांडायचं नाही. ज्याचा अपराध झाला त्यानं अपराध्यावर गाणं रचायचं आणि सगळ्या गावापुढे, ढोलावर, त्याला समोर उभा करून ते म्हणायचं. गाव हसतं. अपराध्यानं उभं राहायचं, चिडायचं नाही. गाणं संपलं की मिटलं. मी म्हणालो, "मडम, आमच्याकडे दिवाणी दावा वीस वर्षं चालतो, आणि त्याला चालही नसते." ती इतकी हसली की हॅट पडली. मला फार बरं वाटलं. मला बरं वाटायला एवढंच लागतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

भिलाटी म्हणजे पंधरा-वीस झोपड्या, मध्ये एक मोह आणि त्याखाली सारवलेलं अंगण. म्हातारा ढोलकरी कडूबा पुढे आला. मडमनं आधी त्यांना खूश करायला म्हणून आपली पेटी उघडली. मेणाचं नळकांडं चढवलं, कर्णा बसवला, चावी दिली. कर्ण्यातून दोन बायकांचा आवाज आला. आवाज म्हणायचा म्हणून. त्या एकमेकींच्या तोंडासमोर तोंड धरून घशातून धापा टाकत होत्या, घोगऱ्या, जलद, करवत चालावी तशा, आणि एकाएकी एक जण फसकन् हसली आणि थांबलं. मडमनं सांगितलं, हा त्यांचा खेळ, जी आधी हसेल ती हरली. मी ते मराठीत सांगितलं. कडूबा म्हणाला, "थंडीनं कुडकुडून राह्यल्या बिचाऱ्या." मग मी त्यांना ते अपराधाच्या गाण्याचंही सांगितलं, नकला करून, ढोलासमोर उभा राहिलेल्या चोराचं तोंड करून. अंगण हसत होतं. एका झोपडीच्या दाराशी एक तरणी बाई बसली होती, डोक्यावरून पदर, हात गुडघ्याभोवती. ती हसत नव्हती, पण ऐकत होती. मी तिच्याकडे बघून चोराचं तोंड आणखी एकदा केलं. एक माणूस हसत नसला की मला राहवत नाही.

मग मडम म्हणाली, आता यांचा ढोल. कडूबानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "ढोल निजलाय, दादा," तो म्हणाला. त्यानं बोट दाखवलं. झोपडीच्या आढ्याला ढोल टांगला होता, दोऱ्या ढिल्या, तोंडाला फडकं बांधलेलं. "तान्हं पोरगं गेलं घरातलं, माझ्या ल्योकाचं. पाच दिस झाले. आमच्यात मानूस गेलं की ढोल निजतो. बाराव्या दिशी त्याची माय पहिली थाप मारंल, मंग उठंल. तवर मानसात वाजवायचा न्हाई." हे त्यानं मला स्वच्छ सांगितलं. मला ऐकायला आलं नाही, समजलं नाही, असं काहीही झालं नाही. मडमनं विचारलं, काय म्हणतो? मी इंग्रजीत म्हणालो, "ढोल अजून तापवलेला नाही." ती म्हणाली, थांबू या मग. पण तिला दुसऱ्या दिवशीची मनमाडची गाडी गाठायची होती, पुढे मुंबईला बोट. आणि मला काय गाठायचं होतं? मी तेव्हापासून पुष्कळदा शोधलं. भूक लागली होती, हे एक. रिकाम्या हातानं परतलो तर कचेरीत माझी फजिती झाली असती, हे दुसरं. आणि खरं सांगायचं तर मला एक विनोद सुचला होता. सुचलेला विनोद पोटात ठेवायची मला सवय नाही.

मी म्हणालो, "कडूबा, माणसांत वाजवायचा नाही ना? बराबर. मग इथं माणूस कोण आहे? ही मडम, हिला तू माणसांत धरतोस का? रंग बघ." लोक हसले. "ही पेटी. हिला नुसता कान आहे, जीव नाही. कान असला म्हणून काय माणूस होतो?" आणखी हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आन तुमी हो?" मी टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणालो, "मी तर कचेरीतला कारकून." त्यावर सगळं अंगण कोसळलं. कडूबा तर खांब धरून हसला, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. मी तिथे उभा होतो, जगातल्या एका पुरातन रिवाजाला कोटीनं आडवं पाडून, आणि मला वाटत होतं की मी या लोकांना किती आवडलोय. कचेरीतल्या माणसाच्या विनोदाला भिलाटीत कोण हसणार नाही? रानातून लाकूड आणायचं तर परवाना आमच्या कचेरीतून, वेठीला बोलावलं तर हुकूम आमच्या कचेरीतून. कडूबा हसला तेव्हाच हरला. एक तासापूर्वी मडमनं मला त्या बर्फातल्या लोकांच्या नावाचा अर्थ सांगितला होता. नुसतं माणसं.

कडूबानं ढोल उतरवला. फडकं सोडलं, दोऱ्या आवळल्या. पहिली थाप मारताना त्याचा हात क्षणभर वर राहिला होता, एवढं मला आठवतं. मग थाप पडली आणि अंगणात बसलेलं एकूण एक माणूस उठलं. म्हाताऱ्या, पोटुशा, पोरं, सगळे. त्यांची रीतच आहे, मला नंतर कळलं: ढोल वाजला की भिलाटीत कुणी बसायचं नाही. एकमेकांच्या कमरेला हात घालून रांग झाली आणि रांग मोहाभोवती फिरायला लागली, दोन पावलं पुढे, एक मागे. दाराशी बसलेली ती बाईसुद्धा उठली. हात खांबाला धरून उठली, आणि दोन बायकांनी तिला मधे घेतलं. ती नाचत होती. पाय बराबर पडत होते. पायांना कुठे काय कळतं. तोंडावरून पाणी वाहत होतं आणि चोळीवर ते दोन डाग. मडमनं यंत्रावरून मान न उचलता मला विचारलं, ती बाई का रडतेय? आणि मी म्हणालो, "आनंदानं. सुगीचा नाच आहे. आणि ऊन आहे, घामाघूम झालीय." मडमनं लिहून घेतलं. बाई माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. पण मी तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगतोय आणि हसतोय, आणि गोरी बाई मान डोलावून लिहितेय, यात न कळण्यासारखं काय आहे? निघताना तिनं कुणाला तरी विचारलं असणार, ह्यो काय बोलला? आणि ज्याला मोडकंतोडकं इंग्रजी येतं असा एक जण छकड्याशी होता, भोकरदनाहून आणलेला गाडीवान धर्मराज, पूर्वी जालन्याच्या छावणीत खानसामा होता. त्यालाही मी वाटभर हसवलं होतं.

मडमनं वर्षानं एक छापील पुस्तिका पाठवली. शेवटच्या पानावर माझं नाव, आभार मानून. आतमध्ये लिहिलंय: सुगीचा नृत्यप्रकार, अत्यंत उल्हसित, एक तरुणी आनंदाश्रू ढाळताना दिसली. मी ती पुस्तिका कचेरीत सगळ्यांना दाखवली. पेशकारसाहेबांनी पेढे मागितले. मी दिलेही. आता बुधवारच्या त्या रात्री, म्हणजे जेवणं झाल्यावर, मी पुस्तिका ट्रंकेतून काढली आणि तो आनंदाश्रू शब्द बोटानं झाकून बघितला. बोट काढलं की तो तिथेच. कुठल्यातरी दूरच्या शहरात, कपाटात, कापसात गुंडाळलेल्या मेणाच्या नळकांड्यावर त्या पोराचा पाचवा दिवस रोज पाचवाच असतो. बारावा उजाडतच नाही. वरची चिठ्ठी वाचून चावी देणारे उल्हसित होत असतील. मी मडमला पत्र लिहायला बसलो. 'आपल्या पुस्तकात एक चूक आहे' इथपर्यंत तीनदा आलो. चूक कोणाची, हे लिहिताना माझं इंग्रजी दरवेळी कच्चं पडलं. पाळण्याकडून उमाचं चाललं होतं, अंहं अंहं आला गं. गुरुवारी पुन्हा तेच. बद्रीनाथ, टाकाची काडी, शेजारच्या जात्यावर कुणी. जालन्यात प्रत्येकाला दोनच ओळी येत होत्या, आणि पुढच्या ओळी काय असतील हे सगळ्या जालन्यात फक्त मला माहीत होतं, आणि नेमके शब्द मला माहीत नव्हते. आपल्यावरचं गाणं अर्धंच माहीत असणं, याच्याइतकं वाईट काही नाही. अर्ध्या गाण्यात माणूस सगळं स्वतः घालतो.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी. उमाला सांगितलं, सरकारी काम. मोटारीनं भोकरदन, पुढे पायी, कारण छकडा करायचा म्हणजे धर्मराजचाच, आणि त्याच्याशी काय बोलावं ते सुचेना. मोह तिथेच होता. कडूबा थकला होता, पण ओळखलं. "आज काय आनलं?" तो म्हणाला, "पेटी न्हाई दिसत." मी म्हणालो, "नाही. नुसता मी." हे विनोदासारखं झालं. कुणी हसलं नाही. ती बाई, झुंबरबाई तिचं नाव, त्याच दाराशी बसून शिंदीच्या पानांचे फडे बांधत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. सव्वीस वर्षांत इतका वेळ काही न बोलता कुणासमोर उभा राहिलो नव्हतो. शेवटी म्हणालो, "ते गाणं तुम्ही रचलं?" ती म्हणाली, "तुमीच तर रीत सांगून गेल्ते. त्या बरफाच्या लोकांची." "मग माझ्यासमोर म्हणा ना. सगळं. मी उभा राहतो." तिनं दातानं शिंदीचं पान चिरलं. "म्हनंन की. त्यात काय लपवायचंय. पर ढोल लागंल." कडूबानं तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं ढोल आणला. आता तो निजलेला नव्हता, दोऱ्या ताठ होत्या, कातडं चकाकत होतं.

थाप पडली आणि भिलाटी उठली. मी तर उभाच होतो. मला वाटत होतं, मधे उभं राहायचं, मान खाली घालायची, लोक हसतील, आणि मग मिटेल. छकड्यातच ऐकलं होतं मी तसं. पण इथे उभं राहण्याची सोय नव्हती. दोन बाप्यांनी डावी-उजवीकडून माझ्या कमरेत हात घातले आणि मी रांगेत गेलो. दोन पावलं पुढे, एक मागे. बंद गळ्याचा कोट, रूमी टोपी, पायात पंपशू. माझी पावलं चुकत होती. चुकलेलं पाऊल शेजारचे आपल्या पावलानं उचलून सारखं करत होते, जसं काही मी लंगडा आहे आणि त्यांना ते माहीत आहे. मोहाला वळसा घालून आलो तेव्हा दिसलं. ती बसलेली होती. ढोल वाजत होता, सगळी भिलाटी उभी होती, आणि झुंबरबाई दाराशी बसून फडा बांधत होती. शेजारचा माझ्या कानात म्हणाला, "त्या दिसापून उठत न्हाई ती ढोलाला. पंचांनी इचारलं, तर म्हनली, येकदा उठले तेवढं जलमभराचं झालं. मंग कोन काय म्हननार?" आणि बसूनच ती गायला लागली, फड्यावरून नजर न काढता, बाजारातल्या बाईसारखीच, नाकातल्या नाकात:

मारतंड्या आला गं, पेटी घेऊन आला,
पेटीला व्हता कान गं, मानूस न्हाई म्हनला.
निजला ढोल उठिवला, पाचव्या गं दिशी,
मारतंड्या म्हनं मडमला, रडती खुशीखुशी.

एवढंच. मला वाटलं होतं शिव्या असतील. शिव्या असत्या तर त्यांच्याआड उभं राहता आलं असतं. हे तर नुसतं जसं घडलं तसं होतं. मी कचेरीत याहून वाईट पंचनामे लिहिले आहेत. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली आणि रांग उचलून घ्यायला लागली, आणि तिसऱ्या फेरीला मी स्वतःही म्हणत होतो, कारण नाचताना तोंड बंद ठेवता येत नाही. कधीतरी माझ्या लक्षात आलं की कॉलर ओली झालीय. घाम नव्हता. रांगेतली एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "आगं बया, ह्यो का रडून राह्यला?" आणि दाराशी बसलेल्या झुंबरबाईनं फड्याची गाठ मारता मारता, मान वर न करता सांगितलं, "खुशीनं."

तेव्हा भिलाटी हसली. सगळी. कडूबाचा हात ढोलावर चुकला इतकी. आणि हे हसणं मी ओळखलं नाही. इतकी वर्षं लोकांना हसवतोय, पण हे कधी ऐकलं नव्हतं. यात परवाना नव्हता, वेठ नव्हती. मी थांबलो नाही. शेजारचे मला थांबू देत नव्हते. दोन पुढे, एक मागे. ती मात्र हसली नाही, याकडे मी पुन्हा बघितलं. सवय.

ढोल थांबल्यावर मी तिच्यापाशी गेलो. "मिटलं का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तेवढ्यासाठीच तर आलो होतो. तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "बरफाकडं मिटत असंल," ती म्हणाली. "हितं कुठं बरफ हाय?" मग बांधलेला फडा माझ्याकडे सरकवला. "घेऊन जावा. घरी बाई असंल ना? लेकरू?" मी म्हणालो, "दोन महिन्यांचं." तिनं पुढचा फडा घेतला. पान चिरत म्हणाली, "जावा आता, मोटार हुकंल." मी पैशासाठी खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. तेवढं तरी कळलं.

मोटार हुकलीच; रात्र भोकरदनला काढून शनिवारी दुपारी घरी पोहोचलो. हातात शिंदीचा फडा, पंपशू फाटलेला. उमा म्हणाली, "सरकारी कामात झाडू मिळतो वाटतं आता?" तिला विनोद माझ्यामुळे लागला आहे. मी फडा कोपऱ्यात उभा केला आणि पाळण्याशी बसलो. मूल जागं होतं, डोळे उघडे, आढ्याकडे बघत. उमानं दोरी ओढली आणि सुरू केलं, अंहं अंहं आला गं. माझा हात आपोआप मांडीवर ताल धरत होता. "पुढचं येतं का हो तुम्हाला?" ती म्हणाली, "भाजीवालीला विचारलं, तिलाही दोनच ओळी येतात. कुठंतरी जाऊन थांबल्यासारखं वाटतं ना?" मी म्हणालो, "येतं." "मग म्हणा ना." "आधी तू म्हण. पहिल्यापासून." तिनं दोरी ओढली. तोंड उघडलं, आणि जिथे ती नेहमी अंहं म्हणायची तिथे, तिच्याआधी, मी माझं नाव घेतलं. ती हसली, मी नाव घ्यायला तिला मदत करतोय असं तिला वाटलं. दुसरी ओळ आम्ही दोघांनी मिळून म्हटली. तिसरी मी एकट्यानं, आणि ढोल कुणाच्या तान्ह्यासाठी निजला होता तेही सांगितलं. ती ऐकत होती, मान एका बाजूला कलती. चौथीला तिनं खाली स्वतःच्या चोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोरी तिच्या हातातून सुटली. पाळणा आपला आपण हलत राहिला, दोन पुढे, एक मागे, आणि थांबला.